जुने चित्रपट सरस होते का? एका संकलकाचे उत्तर

चित्रपट मनापासून पाहणारी माणसे एक प्रश्न नेहमी विचारतात. जुना चित्रपट कितव्यांदाही लागला तरी समोरून उठवत नाही आणि नवा मात्र पाहून आठवडा उलटायच्या आत विसरला जातो. मग चित्रपट घसरले आहेत, की आमचे वय बोलते आहे? या प्रश्नाबरोबर येणाऱ्या तक्रारीही बहुधा त्याच असतात: शॉट क्षणभर टिकत नाही, संवाद कळत नाहीत, पडद्यावर काळोख फार, संगणकावर रचलेली दृश्ये खोटी वाटतात आणि नवी कथा म्हणून काही उरलेलेच नाही. मी चित्रपटांचे संकलन करतो. फिल्म हाताने कापून जोडण्याच्या काळात या कामाला लागलो आणि आता सगळे काम संगणकावर करतो, त्यामुळे दोन्ही काळांतले कच्चे चित्रण माझ्या हाताखालून गेलेले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की प्रेक्षकाला जे जाणवते ते बहुतेक वेळा खरे असते, मात्र त्याचे कारण तो लेखक-दिग्दर्शकांच्या आटलेल्या प्रतिभेत शोधतो आणि तिथे ते सापडत नाही. चित्रपट बनवताना कोणता निर्णय कोणत्या टप्प्यावर घ्यायचा, याची रीत गेल्या काही दशकांत पार बदलली, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे आहे.

त्याकडे वळण्याआधी तुलनेतली एक मोठी चूक दूर करणे आवश्यक आहे. आपण ज्यांना जुने चित्रपट म्हणतो ते जुन्या काळात बनलेले सगळे चित्रपट नव्हेत. ते काळाच्या चाळणीतून वर राहिलेले मूठभर चित्रपट आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तिथल्या सुमारे १०,९०० मूक कथापटांपैकी केवळ १४ टक्के त्यांच्या मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेई, साठवणीत सडे, आणि बोलपट आल्यावर मूकपट सांभाळून ठेवण्यात निर्मात्यांना काही लाभ दिसत नव्हता. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१चा; त्याचीही प्रत आज उपलब्ध नाही. पण नुसते नष्ट होणे हा या चाळणीचा लहान भाग आहे. ज्यांच्या प्रती धडधाकट आहेत असे हजारो सामान्य, कंटाळवाणे, घाईत उरकलेले जुने चित्रपट डब्यांत पडून आहेत आणि ते कोणी पाहत नाही. याउलट चालू वर्षाचा चित्रपट आपल्यासमोर निवड न होता येतो, त्यात चांगला, बरा आणि टाकाऊ सगळे एकत्र असते. एका बाजूला दहा वर्षांतले निवडक दहा आणि दुसऱ्या बाजूला गेल्या महिन्यातले सरसकट दहा अशी ही तुलना होते, आणि तिचा निकाल आधीच ठरलेला असतो.

शिवाय ही चाळणी सतत हलत असते. ‘कागज के फूल’ १९५९ साली प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षकांनी तो नाकारला आणि गुरुदत्त यांनी त्यानंतर स्वतःच्या नावाने एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही. आज त्याच चित्रपटाचे नाव जुन्या काळाच्या थोरवीचा पुरावा म्हणून घेतले जाते. हिचकॉकच्या १९५८च्या ‘व्हर्टिगो’चे सुरुवातीचे स्वागत संमिश्र होते. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. त्या कौलात ‘व्हर्टिगो’ पहिल्या दहांत आला तो १९८२ साली आणि पहिल्या स्थानी पोहोचला २०१२ साली. २०२२च्या कौलात ती जागा शांताल आकरमन या दिग्दर्शिकेच्या १९७५च्या चित्रपटाने घेतली, म्हणजे अग्रस्थान मिळेपर्यंत ४७ वर्षे गेली. यावरून आजच्या चित्रपटांपैकी टिकणारे कोणते हे आज कोणालाच सांगता येणार नाही एवढे तरी मान्य करावे लागते.

वयाचा मुद्दाही खरा आहे, पण त्याला भलते महत्त्व दिले जाते. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये गाण्यांच्या आवडीविषयी संशोधन प्रसिद्ध केले. त्यात आढळले की माणूस साधारण २३-२४ वर्षांचा असताना जी गाणी लोकप्रिय होती ती त्याला पुढे आयुष्यभर सर्वांत जास्त आवडतात. चित्रपटांच्या बाबतीतही तारुण्यातल्या अनुभवाचा ठसा खोल असणार यात शंका नाही. तरीही या एकाच कारणाने प्रश्न निकालात निघत नाही, कारण स्वतःच्या जन्माआधी तीस-चाळीस वर्षे बनलेले चित्रपट पाहून विशीतली मुलेही हेच म्हणतात. त्यांना त्या काळाच्या आठवणी नाहीत. मग त्यांना पडद्यावर काय दिसते, हे तपासले पाहिजे.

‘सगळे पुढचे भाग आणि नव्याने केलेल्या जुन्याच कथा’ ही तक्रार मी फारशी गंभीरपणे घेत नाही. १९४१चा ‘द माल्टीज फाल्कन’ हा त्याच कादंबरीवरचा तिसरा चित्रपट होता. आधीचे दोन १९३१ आणि १९३६ साली येऊन गेले होते. बॅसिल रॅथबोन यांनी १९३९ ते १९४६ या काळात चौदा चित्रपटांत शेरलॉक होम्सची भूमिका केली. ‘देवदास’ १९२८ साली मूकपट म्हणून आला, मग १९३५, १९५५ आणि २००२ साली पुन्हा आला. चित्रपटाने ओळखीच्या कथा वापरणे कधीच थांबवले नव्हते.

खरा फरक दृश्याच्या रचनेत आहे, आणि तो नीट समजण्यासाठी चित्रीकरण कसे होते याकडे बारकाईने पाहावे लागेल. समजा, खोलीत बाप आणि मुलगी आहेत आणि मुलगी घर सोडून निघाली आहे. १९५०च्या आसपासचा कसलेला दिग्दर्शक हे दृश्य असे बसवील: बाप पुढे टेबलाशी बसलेला, मुलगी मागे दारात, हातात बॅग. ती बोलते, तो मान वळवत नाही. मग तो उठतो आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीशी जातो. ती बॅग खाली ठेवते, पुढे येते आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीला हात लावून उभी राहते. आता चौकटीत ती मोठी दिसते आणि तो लहान. दृश्यातले पारडे फिरले आहे, आणि ते संवादाने किंवा कटने फिरलेले नाही. दोन माणसे चालली म्हणून फिरले. सगळा मामला एकाच शॉटमध्ये, जेमतेम मिनिटभराचा. असा टेक संकलकाकडे आला की तो कुठे सुरू करायचा आणि कुठे सोडायचा एवढेच ठरवायचे असते.

तेच दृश्य आज माझ्याकडे येते तेव्हा त्यात संपूर्ण खोलीचा मास्टर शॉट असतो, बापाच्या खांद्यावरून मुलीचा, मुलीच्या खांद्यावरून बापाचा, दोघांचे क्लोज-अप, हाताचा वेगळा, बॅगेचा वेगळा, आणि यातले बरेचसे एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांनी घेतलेले, प्रत्येकाचे पाच-सहा टेक. मिनिटभराच्या दृश्यासाठी तासांच्या हिशेबातले चित्रण. त्यातून मी हवा तो कटाक्ष निवडू शकतो, एखादे वाक्य काढू शकतो, मौन लांबवू शकतो. पण बापाचे उठून खिडकीशी जाणे या साऱ्या साठ्यात कुठेही नसते. कोणताही शॉट कोणत्याही शॉटला जुळावा म्हणून नटांना जागच्या जागी उभे केलेले असते. मग पारडे फिरवण्याचे काम मला कटने करावे लागते: या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर, पुन्हा या चेहऱ्यावर. प्रेक्षक म्हणतो की शॉट टिकत नाही. तो टिकावा असे त्यात काही घडतच नसते.

चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी शॉट मोजून दाखवले आहेत. हॉलिवूडच्या १९३० ते १९६० या काळातल्या बहुतेक चित्रपटांत एका शॉटची सरासरी लांबी ८ ते ११ सेकंद होती. शतक संपता संपता ती ३ ते ६ सेकंदांवर आली. पुष्कळजण या बदलाचे खापर प्रेक्षकाच्या उतावीळपणावर फोडतात. माझ्या मते साधनांचा वाटा त्याहून मोठा आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मचे हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटांत संपे. फिल्म महाग, तिची धुलाई महाग, आणि आपण काय टिपले हे दुसऱ्या दिवशी रशेस, म्हणजे धुऊन आलेले कच्चे चित्रण, पाहिल्याखेरीज कळत नसे. त्यामुळे कॅमेरा सुरू करण्यापूर्वी तालमी करून, जागा आखून, दृश्याचा अर्थ ठरवूनच उभे राहावे लागे. हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉन फोर्ड तर जेवढे हवे तेवढेच चित्रित करत असत, म्हणजे मागाहून स्टुडिओवाल्यांना त्यांचा चित्रपट वेगळा जोडताच येत नसे. डिजिटल कॅमेऱ्याला हे बंधन उरले नाही. बंधन गेले तशी निर्णय पुढे ढकलण्याची सोय झाली, आणि सोय झाली की तिची सवय लागते. ‘आत्ता सगळे घेऊन ठेवू, काय ते टेबलावर पाहू’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणा एकाचे म्हणता येणार नाही.

संकलनाच्या टेबलावर आणखी एक गोष्ट घडते आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. अखेरच्या टप्प्यात चित्रपट संथ वाटतो असे सांगणारी माणसे तो चित्रपट पंचवीस-तीस वेळा पाहिलेली असतात. त्यांना पुढचे वाक्य पाठ असते, म्हणून आधीचे मौन लांबलेले वाटते. मग इथून बारा चौकटी (म्हणजे अर्धा सेकंद), तिथून अठरा चौकटी असे कापत जावे लागते आणि पहिल्यांदाच पाहणाऱ्याला श्वास घ्यायला ठेवलेली जागा नाहीशी होते. फिल्मवर काम करताना प्रत्येक काप हा चिकटपट्टीने जोडलेला खराखुरा सांधा होता. तो पुन्हा उघडायचा तर वेळ जाई, म्हणून उघडण्याआधी विचार होई. आज तोच बदल बटणासरशी होतो आणि बटणासरशी मागे घेता येतो. वेग वाढला, हे मला उपकारक वाटते. विचार कमी झाला, हे मला मनापासून खुपते.

मात्र जलद कट म्हणजे वाईट काम असे समीकरण कृपया करू नये. २०१५चा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ दोन तासांचा आहे आणि त्यात सुमारे २,७०० शॉट आहेत, म्हणजे सरासरी शॉट तीन सेकंदांचाही नाही. त्याच्या संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचे चित्रण होते. तरीही कोण कुठे आहे, कोण कोणाच्या मागे लागला आहे, याविषयी क्षणभरही गोंधळ होत नाही, कारण पाहण्याजोगी गोष्ट शक्यतो चौकटीच्या मध्यभागी ठेवायची हे आधीच ठरले होते आणि चित्रीकरणापूर्वी साधारण ३,५०० चित्रचौकटी रेखाटून तयार होत्या. नजर एका शॉटमध्ये जिथे असते तिथेच पुढच्या शॉटमधला मुद्दा सापडतो. निर्णय आधी झाला की आधुनिक साधने काय करू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. उलट बाजूने जुन्या पद्धतीचेही फार गोडवे गाऊ नयेत: ऑर्सन वेल्स यांच्या १९४२च्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मधून स्टुडिओने चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापला, शेवट बदलला आणि कापलेले चित्रण नष्ट केले. उशिरा घेतलेला वाईट निर्णय तेव्हाही होता.

संवाद कळत नाहीत ही तक्रार मला सर्वांत रास्त वाटते, आणि तिची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पूर्वी माइक काठीला लावून नटाच्या डोक्यावर धरला जाई. फिल्मच्या कडेवर छापलेल्या ध्वनिपट्टीची झेप, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, मर्यादित होती, म्हणून ध्वनिमिश्रणात संवाद पुढे आणि बाकी सारे मागे ठेवण्याशिवाय गत्यंतर नव्हते. आपल्याकडे तर अनेक दशके बहुतेक संवाद स्टुडिओत पुन्हा म्हणून घेतले जात, ते कृत्रिम वाटत पण कळत. नटही बहुधा रंगभूमीवरून आलेले, शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत उच्चारणारे. आज दोन कॅमेरे एकाच वेळी दूरचा आणि जवळचा शॉट घेतात, त्यामुळे काठीवरचा माइक जवळ आणता येत नाही आणि कपड्यांत लपवलेल्या छोट्या माइकवर भिस्त राहते. नट पुटपुटतो, कारण जवळचा कॅमेरा पुटपुटणेही टिपतो. १९९०च्या दशकात डिजिटल ध्वनी आला आणि अत्यंत हळू ते अत्यंत मोठा आवाज एकाच चित्रपटात मांडता येऊ लागला. स्फोटाला जागा मिळाली, पण कुजबुज आणखी खाली गेली. आणि जे लोक मिश्रणाच्या खोलीत बसून ‘ठीक आहे’ असे म्हणतात, त्यांना प्रत्येक वाक्य तोंडपाठ असते. पाठ असलेले वाक्य माणसाला नेहमीच ऐकू येते. म्हणून ज्याने पटकथा वाचलेली नाही असा एक माणूस शेवटच्या मिश्रणाला बसवावा, असा माझा आग्रह असतो. घरी हाच ध्वनी सहा ध्वनिवाहिन्यांतून दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबला जातो, आणि तेही बऱ्याच दूरचित्रवाणी संचांत मागच्या बाजूला किंवा खाली तोंड केलेले असतात.

काळोखाचे गणित असेच आहे. जुन्या फिल्मला भरपूर प्रकाश लागे, रंगीत चित्रणाच्या टेक्निकलर पद्धतीला तर प्रचंड. त्यामुळे चेहऱ्यावर दिवा कुठून पडेल, भिंत कितपत दिसेल, हे सेटवर ठरवून मगच कॅमेरा चालवता येई. आजच्या कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर अंधुक उजेडातही पाहतो, चित्र मुद्दाम करड्या, सपाट रूपात साठवले जाते आणि प्रकाश-रंगांचा अंतिम निर्णय महिन्यांनंतर, अंधाऱ्या खोलीत, अचूक जुळवलेल्या मॉनिटरवर होतो. त्या खोलीत जे सुंदर दिसते ते दिवसाउजेडी घरातल्या पडद्यावर किंवा दिवा क्षीण झालेल्या प्रोजेक्टरवर दिसेनासे होते. संगणकावर रचलेल्या दृश्यांचेही तेच. हिरव्या पडद्यासमोर नट उभा राहतो तेव्हा मागे जंगल असणार की जळते शहर, हे पक्के नसेल तर त्याच्यावरचा प्रकाश गुळमुळीत ठेवावा लागतो, म्हणजे काहीही खपून जाईल. नंतर मागे कितीही तपशीलवार शहर आणले तरी तो माणूस त्या शहरात उभा असल्याचे डोळ्याला पटत नाही. अलीकडे नटाच्या मागे मोठे प्रकाशमान पडदे उभारून पार्श्वभूमी चित्रीकरणाच्या वेळीच दाखवण्याची पद्धत आली आहे, आणि ती जिथे चांगली वठते तिथे ती आधी ठरवलेल्या पार्श्वभूमीमुळेच वठते.

आता न्यायाची दुसरी बाजू. अभिनयातला खरेपणा आजच्या सर्वसाधारण चित्रपटात मला जुन्या सर्वसाधारण चित्रपटापेक्षा निःसंशय अधिक दिसतो. हॉलिवूडवर १९३४ पासून १९६८ पर्यंत निर्मिती-संहितेचा अंमल होता. गुन्हेगाराला शिक्षा होणे ठरलेले, लैंगिकता, घटस्फोट, वर्णभेद अशा विषयांवर मर्यादा. आपण जिला जुन्या चित्रपटांची सूचकता म्हणून वाखाणतो तिच्यातला काही भाग त्या बंदीतून जन्मला हे खरे, पण त्याच बंदीमुळे किती जणांची आयुष्ये पडद्यावर कधी आलीच नाहीत. आज कमी खर्चात, हलक्या कॅमेऱ्याने, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला माणूस आपल्या लोकांची गोष्ट सांगू शकतो. या चित्रपटांना न पाहता ‘हल्ली काही बनत नाही’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सर्वांत मोठ्या खर्चाचे चित्रपट आणि आजचा चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांनी गाजलेला जुना चित्रपट घेऊ नये. एखादे जुने वर्ष निवडावे आणि त्या वर्षाचा ज्याचे नाव कधी ऐकले नाही असा चित्रपट शोधून पाहावा, मग चालू वर्षाचा तसाच एक. दोन माणसे खोलीत बोलत आहेत असे दृश्य दोन्हींत निवडून आवाज बंद करून पाहावे: कोणाचे वजन वाढले, कोणाचे घटले, हे केवळ हालचालींवरून कळते का? पाहण्यापूर्वी दूरचित्रवाणी संचातली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, कारण ती सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रात खोट्या चौकटी घालते आणि नवा चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. संवाद वर उचलणारी सोय असेल तर ती मात्र चालू करावी. १९५०च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या बहुतेक चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते. पडदा भरण्यासाठी ती ताणली किंवा वरून-खालून कापली असेल तर ती प्रत सोडून दुसरी घ्यावी, कारण दिग्दर्शकाने बसवलेली रचनाच त्यात उरत नाही. मूकपटांत वेगाकडे लक्ष द्यावे: त्यांतले बरेचसे सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या आसपास चित्रित झाले आणि नंतर २४च्या वेगाने दाखवले गेले, त्यातून ती घाईने धावणारी, झटक्याझटक्याने हलणारी माणसे निर्माण झाली. वेग दुरुस्त केलेली आवृत्ती मिळाली तर त्या नटांचा अभिनय आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी संयत होता हे पहिल्या दहा मिनिटांतच ध्यानात येते.